नदी दिवस साजरा झाला, पुढे काय?

काठावरचा (धागाकर्ता)

सप्टेंबरचा चौथा रविवार जवळ आला की आमच्या गटात तीच चर्चा सुरू होते, यंदा नदी दिवसाला काय करायचं? फेरी, शपथ, हातमोजे, पोती, सगळ्यांचा एकत्र फोटो. दुपारी सगळे घरी, आणि नदी पुढच्या सप्टेंबरपर्यंत रामभरोसे.

या दिवसाचं मूळ कॅनडात आहे. ब्रिटिश कोलंबियातल्या थॉम्पसन नदीवर मार्क अँजेलो यांनी १९८० मध्ये सफाई मोहीम घेतली, तिचा पुढे त्या प्रांताचा नदी दिवस झाला आणि २००५ पासून तो जगभर पाळला जाऊ लागला. म्हणजे सुरुवात पोत्यांनीच झाली होती. नद्यांचा आणखी एक दिवस आहे, १४ मार्चचा. तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. १९९७ मध्ये ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात धरणग्रस्तांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती, तिथं तो ठरला. सप्टेंबरातल्या कार्यक्रमाला मान्यवर हौसेनं येतात. मार्चातल्या कार्यक्रमाला तेच मान्यवर बाहेरगावी असतात.

मला दोन्ही दिवस हवेत. उत्सव नकोच असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. पण उत्सवाला जमलेल्या माणसांपैकी चार-पाच जणांच्या हातात दुसऱ्या दिवशी एक नोंदवही नसेल तर त्या गर्दीचा नदीला उपयोग शून्य. एकच जागा धरायची, दर महिन्याला तिथंच जायचं, जे दिसेल ते लिहायचं. तक्रार करायला जाल तेव्हा साहेब पहिला प्रश्न विचारतात, 'आधी असं नव्हतं कशावरून?' त्याचं उत्तर फोटोत नसतं, वहीत असतं.

तुमच्याकडे काय चालतं, काय फसतं, सांगा. शपथेचा मजकूर कृपया टाकू नका.

रिमझिम

धागा आवडला, पण सफाईवर उगाच घसरलात. जन्मभर नदीच्या पुलावरून गेलेली माणसं त्या एका सकाळी पहिल्यांदा खाली उतरतात. पाण्याचा वास त्यांना पहिल्यांदा येतो. त्यातला एखादाच परत येतो, पण तो त्या दिवशी आला नसता तर तोही मिळाला नसता. तुमचे वहीवाले चार-पाच जण आकाशातून पडणार आहेत का?

शंकासूर

पोती भरून काय होतं हो? शेजारून नाला जसाच्या तसा नदीत पडत असतो. त्याच्या तोंडाशी उभं राहून बाटल्या वेचायच्या आणि टाळ्या पिटायच्या. उलट नुकसानच होतं. घाण सोडणारा मोकळा सुटतो आणि 'नागरिकांमध्ये शिस्त नाही' एवढाच निष्कर्ष उरतो. अशा कार्यक्रमाचे टीशर्ट कोण देतं तेही बघत चला.

गाळ

शंकासूर यांचा सूर कडवट असला तरी मुद्दा बरोबर आहे. (मी सांडपाण्याच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे थोडं लांबेल.)

कचरा डोळ्यांना दिसतो म्हणून आपण त्याला प्रदूषण म्हणतो. मासे मरतात ते बहुतेक वेळा न दिसणाऱ्या गोष्टीनं. मैलापाणी नदीत आलं की त्यातलं सेंद्रिय खाद्य पचवायला जिवाणू तुटून पडतात आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरून टाकतात. तो लिटरला ५ मिलिग्रॅमच्या आसपास असेल तर बहुतेक माशांचं बरं चालतं, २ च्या खाली गेला की तडफड सुरू. त्यात गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो. २० अंशांना साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. त्यामुळे उन्हाळ्यात तेवढीच घाण जास्त जीवघेणी ठरते.

आता गंमत बघा. उत्सवाच्या दिवशी हौसेनं किट आणतात आणि सकाळी अकरा-बारा वाजता पाणी तपासतात. त्या वेळी शेवाळ उन्हात जोरात ऑक्सिजन सोडत असतं. आकडा झकास येतो, बातमी छापून येते, 'नदी सुदृढ'. तीच नदी पहाटे बघा. रात्रभर शेवाळानंही श्वासच घेतलेला असतो, ऑक्सिजन तळाला गेलेला असतो. शेवाळानं भरलेल्या नदीत दुपार आणि पहाट यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मासे सकाळी मेलेले सापडतात त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. तेव्हा वहीत आकड्याशेजारी वेळ नसेल तर तो आकडा फेकून द्या.

दुसरी महत्त्वाची वेळ म्हणजे पहिला मोठा पाऊस. रस्त्यावरचं तेल, टायरचा भुगा, नाल्यात महिनोन्महिने साचलेला गाळ, सगळं एकदम नदीत येतं. लोकांना वाटतं पाऊस आला, नदी धुतली गेली. माशांसाठी वर्षातला तो सगळ्यात वाईट दिवस असू शकतो.

रिमझिम

गाळ, हे माहीत नव्हतं. पण पहाटे किट घेऊन सामान्य माणूस जाणार का? आणि किट एका क्षणाचं सांगणार. रात्री दोनला कुणी टँकर ओतून गेला तर सकाळी पाणी वाहून गेलेलं असतं.

दगडाखाली

त्यासाठीच दगडाखाली बघायचं! (नाव उगाच घेतलेलं नाही.)

पाणी वाहून जातं, पण तळाला चिकटून राहणारे किडे कुठं जाणार? महिनोन्महिने ते तिथंच असतात आणि वरून जे जे गेलं ते सगळं त्यांनी सोसलेलं असतं. रात्री दोनचा टँकर किटला सापडत नाही, त्यांच्या हजेरीत सापडतो.

करायचं असं. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पाणी असलेली, खळखळ वाहणारी, गोट्यांची जागा निवडायची. जाळी प्रवाहाच्या खालच्या बाजूला तळाला टेकवून धरायची आणि तिच्या वरच्या बाजूला पायानं गोटे ढवळायचे, तीन मिनिटं घड्याळ लावून. सुटलेले किडे प्रवाहाबरोबर जाळीत येतात. मग पांढऱ्या ट्रेमध्ये थोडं नदीचं पाणी घेऊन त्यात जाळी उलटी करायची आणि गप्प बसायचं. आधी नुसता कचरा दिसतो. मिनिटाभरात कचरा चालायला लागतो.

चपटं, काचेसारखं, मागे बहुधा तीन शेपट्या आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना सतत फडफडणारे पिसासारखे कल्ले, हे मेफ्लायचं पिल्लू. दोनच शेपट्या, अंग दणकट आणि पोटावर ते कल्ले नाहीत, तर स्टोनफ्लाय. वाळूचे कण एकेक जोडून केलेली नळी स्वतःहून सरकताना दिसली तर आत कॅडिसफ्लायची अळी आहे. हे तिघे भरपूर असतील तर नदीची तब्येत बरी. रक्तासारख्या लाल अळ्या आणि गाळात वळवळणारे धाग्यासारखे किडेच तेवढे उरले असतील तर ऑक्सिजनची बोंब आहे. त्या लाल अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून कमी ऑक्सिजनमध्येही त्या तग धरतात.

ब्रिटनमध्ये यावर आधारित जुनी गुणपद्धत आहे. नाजूक कुळांना १० पर्यंत गुण, गाळातल्या किड्यांना १. वेगळ्या प्रदेशात तक्ता बदलावा लागतो, तो डोळे मिटून उचलू नका. मोजून झालं की सगळे जिवंत परत पाण्यात.

शंकासूर

छान छंद आहे. पण 'आमच्या नदीत दोन शेपट्यांचा किडा दिसत नाही हो' असं सांगायला गेल्यावर कार्यालयात काय होईल याची कल्पना करून बघा.

दगडाखाली

कल्पना कशाला, घडलेलंच सांगते. ब्रिटनमध्ये गळ टाकून मासे धरणारे हौशी लोक हेच करतात. किड्यांचे आठ गट ओळखायला शिकतात आणि आपापल्या ठरलेल्या जागी दर महिन्याला मोजतात. खरी मेख पुढे आहे. प्रत्येक जागेसाठी 'गुण याच्या खाली गेले तर धोका' अशी पातळी नियामक संस्थेबरोबर आधीच ठरलेली असते. गुण घसरले की फोन करायचा. तिथं वाद घालायचा नसतो, कारण पातळी त्यांनीच मान्य केलेली असते.

२०१३ च्या जुलैत केनेट नदीवर मार्लबरो गावाच्या खाली अशाच स्वयंसेवकांना ट्रेमध्ये किडे आणि झिंगे मेलेले दिसले. पाणी स्वच्छ, मासे पोहताहेत, काठावरून बघणाऱ्याला सगळं आलबेल. तपासणीत क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक निघालं. सांडपाणी केंद्रातून ते नदीत आलं होतं आणि जवळपास १५ किलोमीटर पट्ट्यातले कीटक नि कवचधारी जीव त्यानं मारून टाकले होते. महिन्याच्या महिन्याला कुणी मोजत नसतं तर कुणाला पत्ताही लागला नसता.

काठावरचा

दगडाखाली, धाग्याचं सार्थक झालं. पातळी आधी ठरवून घेण्याची युक्ती मी आजवर ऐकली नव्हती. तक्रार करायला जाण्याआधीच संबंधित खात्याला बरोबर घ्यायचं. मी स्वभावानं भांडखोर असल्यानं हे सुचलं नसतं.

पानगळ

वाचतेय. फार छान चर्चा.

जुनाजाणता

नदी पेटल्याशिवाय कुणी हलत नाही, हा माझा अनुभव. अमेरिकेतली कायाहोगा १९६९ मध्ये (पाण्यावरच्या तेल-कचऱ्याला आग लागून) पेटली, मासिकात ज्वाळांचा फोटो आला, देश हादरला आणि १९७२ मध्ये स्वच्छ पाण्याचा कायदा झाला. तुमच्या किड्यांनी हे झालं असतं का?

गाळ

जुनाजाणता, ती गोष्ट सगळे अशीच सांगतात, पण आतला तपशील बघा. २२ जून १९६९ ची आग अर्ध्या तासात विझली, तिचा फोटोच कुणी काढला नव्हता. 'टाइम'नं छापलेला फोटो १९५२ च्या आगीचा होता. ती नदी १८६८ पासून कितीतरी वेळा पेटली होती आणि प्रत्येक वेळी लोक हात झटकून कामाला लागले होते. मग १९६९ लाच काय झालं? आदल्याच वर्षी तिच्या काठच्या क्लीव्हलंड शहरातल्या मतदारांनी नदीच्या सफाईसाठी १० कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली होती. शहर आधीच चिडलेलं होतं. आणि महापौर कार्ल स्टोक्स यांनी आगीच्या दुसऱ्या दिवशी पत्रकारांना नदीकाठी फिरवून कुठून काय सोडलं जातं ते दाखवलं.

उत्सवाच्या फेरीचा रस्ता मला असा हवा. उगमापासून संगमापर्यंत नको, एका नाल्याच्या तोंडापासून दुसऱ्या नाल्याच्या तोंडापर्यंत.

शंकासूर

अशा फेरीला मी येईन. लिहून ठेवा, दुर्मिळ आहे.

रिमझिम

सफाईबद्दल शेवटचं बोलते, मग गप्प. वही आणि पोतं यांचं वैर नाहीच मुळी. १९८६ मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर जी सफाई झाली, जिची पुढे आंतरराष्ट्रीय किनारा सफाई मोहीम झाली, तिथं पहिल्यापासून प्रत्येकाच्या हातात एक तक्ता होता. बाटली किती, झाकणं किती, दोरखंड किती. वर्षानुवर्षांच्या त्या आकड्यांमुळे कळतं की किनाऱ्यावर सर्वांत जास्त काय सापडतं. कितीतरी वर्षं सिगारेटची थोटकं पहिली होती. 'अमुक टन कचरा उचलला' यातून काहीच कळत नाही. कुठला कचरा, कुणाच्या वेष्टणाचा, हे कळलं तर बोलायला जागा होते. आमच्या गटातल्या मुली आता पोतं बांधायच्या आधी ते ओतून मोजतात. वेळ दुप्पट लागतो, कुरकुरही होते.

हिरवळ

नदीबरोबर आजूबाजूच्या माळाचं, झुडपांचंही बोला की. उत्सव म्हटला की खड्डे खणून झाडं लावायची, हे आता प्रतिक्षिप्त झालंय. नदीकाठचा मोकळा गवताळ पट्टा 'पडीक' समजून तिथं दाटीवाटीनं झाडं कोंबतात. गवतात घरटं करणारे पक्षी बेघर, आणि पुराचं पाणी पसरायला जी जागा होती तिचाही बट्ट्याबोळ. आधी बघा तरी तिथं काय आहे!

त्यासाठी फार चांगला उत्सव आधीच अस्तित्वात आहे. १९९६ मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका बागेत पहिला बायोब्लिट्झ झाला. ठरलेल्या तासांत एका जागेवरचे शक्य तितके जीव सगळ्यांनी मिळून नोंदवायचे. २०१६ मध्ये लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांनी त्याची शर्यत लावली, आता दर एप्रिलअखेर कितीतरी शहरं त्यात उतरतात. फोटो काढून आयनॅचरलिस्ट या जीवनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायचा, ओळखायला जाणकार मदत करतात. जत्राही होते आणि त्या जागेचा जन्मदाखलाही तयार होतो. पुढे कुणी 'इथं काहीच नाही' म्हणत आराखडा घेऊन आला की यादी पुढे करायची.

एक सावधगिरी: दुर्मिळ ऑर्किड किंवा घुबडाचं घरटं सापडलं तर नेमकी जागा जगजाहीर करू नका. नोंदीत ठिकाण धूसर करायची सोय असते.

काठावरचा

हिरवळ, याला जोडून अल्बानियातली व्योसा. तिथं धरणं येऊ घातली होती आणि नदीवर अभ्यास जवळजवळ नव्हताच. २०१७ मध्ये वेगवेगळ्या देशांचे शास्त्रज्ञ एक आठवडा तिथं मुक्काम ठोकून राहिले आणि मासे, किडे, गाळ, सगळ्याची नोंद केली. स्थानिक लोकांचा लढा तर त्याआधीपासून चालू होता. २०२३ च्या मार्चमध्ये ती नदी राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाली.

जुनाजाणता

या सगळ्यापेक्षा नदीला कायद्यानं माणूस ठरवून टाका. न्यूझीलंडनं केलंच ना?

शंकासूर

केलं, पण दोन ओळींचा ठराव करून नाही. व्हांगानुई नदीसाठी तिथल्या माओरी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या दावे चालवले, तेव्हा कुठं २०१७ चा कायदा आला. त्यात नदीच्या वतीनं बोलायला दोन माणसं नेमायची तरतूद आहे, एक सरकारकडून, एक नदीकाठच्या जमातींकडून. त्याच वर्षी मार्चमध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयानं गंगा आणि यमुनेला व्यक्तीचा दर्जा दिला आणि जुलैत सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली. राज्य सरकारच्या अडचणींत एक ही होती की पुरात कुणाचं नुकसान झालं तर नदीवर दावा लावायचा का? हसू येतं, पण प्रश्न कायदेशीर आहे. बोलणारी माणसं आणि त्यांच्यामागे जागे असलेले लोक नसतील तर हक्क कागदावरच राहतो.

हिरवळ

काठ बांधून काढण्यावर कुणीच बोललं नाही! सुशोभीकरण म्हटलं की दोन्हीकडे काँक्रीटची भिंत, वर दिवे, फरशी. काठ म्हणजे उतार, गवत, मुळं, बेडकाची जागा, किंगफिशरच्या बिळाची माती. भिंतीत यातलं काही राहत नाही, आणि प्रवाह अरुंद केला की पूर खालच्या वस्तीला जोरात लागतो. म्युनिकनं इझार नदीच्या शहरातल्या ८ किलोमीटरवर २००० ते २०११ मध्ये याच्या बरोबर उलट केलं. बांधलेले काठ काढले, पात्र रुंद केलं, गोट्यांची बेटं होऊ दिली. पूरसुरक्षा हाच त्यातला मोठा हेतू होता. उन्हाळ्यात लोक तिथं पाण्यात पाय सोडून बसतात. दिवे-फरशीपेक्षा जास्त गर्दी खेचतं ते.

गाळ

+१. जलपर्णीचंही तेच. यंत्रानं काढून काठावर ढीग लावतात. ढीग कुजून त्यातलं नत्र-स्फुरद पुन्हा पाण्यात, आणि नवी जलपर्णी जेवायला हजर. सोयीची परिस्थिती मिळाली तर ती एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. सांडपाण्याचं खत बंद केल्याशिवाय हा धंदा संपत नाही. ढीग निदान काठापासून लांब तरी न्या.

मधलीवाट

धाग्यात सगळं पाण्याच्या गुणवत्तेवर चाललंय. नदीत पाणीच नसेल तर? राजस्थानातल्या अलवर जिल्ह्यात अरवरी आटलेली होती. गावोगाव जोहड, म्हणजे पाणी अडवणारे मातीचे बांध, लोकांनी घातले, तरुण भारत संघ ही संस्था आणि तिचे राजेंद्र सिंह सोबत होते, आणि नव्वदच्या दशकात ती पुन्हा वाहती झाली. पण मला त्यापुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. पाणी आल्यावर भांडणं येणार हे ओळखून काठच्या सत्तरेक गावांनी मिळून अरवरी संसद स्थापन केली. पाणी कुणी किती उपसायचं, नदीतले मासे धरू द्यायचे की नाही, हे तिथं ठरू लागलं. नदी परत आणायला फावडं पुरलं, टिकवायला बैठक लागली. बैठका कंटाळवाण्या असतात, त्यांचे फोटो चांगले येत नाहीत.

शंकासूर

मधलीवाट, शेवटच्या वाक्याला अनुमोदन. माझ्या माहितीतले बहुतेक गट नदीमुळे फुटले नाहीत, बैठकीत कोण कुठं बसणार यावरून फुटले.

काठावरचा

आता कामाचं बोलू. वहीचे रकाने असे धरतोय: तारीख, वेळ, मागच्या दोन दिवसांत पाऊस झाला का, पाण्याचं तापमान, रंग, वास, पुलाच्या खांबावरच्या खुणेपासून पाण्याची पातळी, दगडाखाली काय सापडलं, आणि एक फोटो, कायम त्याच जागेवरून त्याच दिशेनं. माणसं त्यात नकोत. काही सापडलं नाही तर 'काही सापडलं नाही' असं लिहायचं, रकाना रिकामा सोडायचा नाही. वही एकाच्या घरी, तिचे फोटो सगळ्यांकडे. आठ गटांची पद्धत शिकवायला दगडाखाली येणार का?

शंकासूर

पहाटेचं कोण करणार ते आधी ठरवा. मी दुपारचा माणूस आहे.

दगडाखाली

पहाटेचं माझ्याकडे. शिकवायलाही येईन, पण एका वेळी सहा-सात जणच, ट्रेभोवती जास्त डोकी मावत नाहीत. जाळीचं भोक १ मिलिमीटरचं बघून घ्या. घरातली मासोळीची जाळी आणली तर मोठे किडे तेवढे राहतील, लहान मेफ्लाय निसटतील आणि उगाच नदी आजारी दिसेल. नदीत एकट्यानं उतरू नका, पाणी गढूळ आणि चढतं असेल तर त्या महिन्याची नोंद 'पुरामुळे घेतली नाही' अशी करा.